मौनीबुवांचा एकांत

मौनीबुवांना माणसं खपत नसत. त्यांची सारंगी ऐकायला कुणी आलं, की ते आतून कडी लावत आणि नकार द्यायला बायकोला पुढं करत. "ते रियाजात हाईत, मागनं या," असं काकू उंबऱ्यात बसून सांगायच्या. पुष्कळदा तेव्हा आतून घोरणं ऐकू यायचं. धर्मापुरीत लोक याला साधना म्हणत. मी भिंतीपलीकडे राहत होते. मी त्याला आयतेपणा म्हणे.

कारण त्या एकांताला दोन वेळा गरम भाकरी लागे, आंघोळीला कढत पाणी लागे, आणि दारात राखण लागे. काकूंचे वडील वारले तेव्हा बुवा मातीला गेले नाहीत. "मला गर्दी सोसत न्हाई," म्हणाले. काकू एकट्याच एसटीनं गेल्या आणि तिसरा होताच परतल्या, कारण इकडं चूल बंद होती.

वाजवत मात्र असे, की सांजेला त्यांनी मारवा धरला की माझी तव्यावरची भाकरी करपायची. म्हणून तर राग जास्त यायचा.

एकदा औरंगाबादहून पेपरवाला आला. त्याच्यासाठी कडी लगेच निघाली. बुवा त्याला म्हणाले, "मला कुणी नाही. सारंगी हाच माझा संसार." ते तसंच छापून आलं. सोबतच्या फोटोत कडेला चहाचा कप धरलेला काकूंचा हात तेवढा दिसत होता.

काकूंना वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं.

"कुणीच न्हाई म्हणले?"

"हो."

"परत वाच बरं."

मी परत वाचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चकलांब्याला भावाकडे निघून गेल्या.

आम्ही नुकताच एसटीडी बूथ टाकला होता. चौथ्या दिवशी बुवा तिथं आले, दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला. चकलांब्याच्या किराणा दुकानात फोन लावला; दुकानदारानं काकूंना फोनवर बोलावून आणलं, तोवर इकडं काचेबाहेर रांग लागली. आत बुवा ओरडत होते, "मी बोलतोय! मी कोण काय? नवरा तुझा!" रांगेतली माणसं हसली. जन्मभर कडी लावून बसलेल्या माणसाचा संसार साऱ्या गल्लीनं ऐकला.

बाहेर येऊन म्हणाले, "येत न्हाई म्हणती. म्हणती, तुमीच या. तिथं अकरा माणसं हाईत हो घरात."

"मग जा की," मी म्हणाले. मला जराही दया आली नाही.

आठवडाभर त्यांनी कच्चं-करपलं खाल्लं आणि मग गेलेच. साठीत सासुरवाडीला राहायला गेले! दोन वर्षांनी तिथंच वारले. शेवटपर्यंत पडवीत, सगळ्यांच्या देखत वाजवत होते, असं काकू सांगतात.

ते निघाले त्या दिवशी मी स्टँडवर होते. गाडी गच्च भरलेली. सारंगी पोटाशी धरून ते दोन बायकांच्या मधे कसेबसे टेकले. नऊ वर्षं आमची भिंत एक होती. गाडी हलली तेव्हा खिडकीतून वाकून त्यांनी विचारलं, "बाई, तुमचं नाव काय?"

मी सांगितलं. इंजिनाच्या आवाजात त्यांना ते ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.