पिस्टनवरचं तीर्थ

"पिस्टन सुटला की त्याच दिवशी आस्पत्रेला येतो. त्याच्या आधी नको." माझ्या वडिलांनी, अप्पांनी, अशी अट घातली तेव्हा मी हसले होते. हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबल्या आहेत, ऑपरेशनला उशीर नको, कधीही आणा, दाखल करून घेऊ, तोवर पाण्याची बादलीसुद्धा उचलू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते सगळं ऐकून अप्पा मल्लेश्वरमच्या घरी आले आणि जिन्याखालच्या मोटरसायकलकडे बोट दाखवून मोकळे झाले.

आई गेल्यापासून ती गाडी जागची हलली नव्हती. दर दसऱ्याच्या आयुधपूजेला अप्पा तिला आंघोळ घालत, कुंकू लावत, हार घालत, चाकाखाली लिंबू ठेवत. किक मात्र कुणी मारली नाही. लाडाकोडानं घातलेलं ते पाणी आत झिरपलं आणि पिस्टन गंजून सिलिंडरला चिकटला.

मला वाटलं, शनिवार-रविवारचं काम. गाडी उघडायला मी अप्पांकडूनच शिकले होते. यंत्रांच्या कारखान्यात फिटर म्हणून त्यांचा जन्म गेला. मी सिलिंडरवरचं झाकण, म्हणजे हेड, उतरवलं. पिस्टन वरच अडकला होता. त्याच्यावर डिझेल आणि इंजिन ऑइल ओतायचं, फडकं झाकून मुरू द्यायचं. मग सिलिंडर बाहेरून तापवायचा आणि पिस्टनवर लाकडी ठोकळा धरून हलके ठोके द्यायचे. जोर केला तर पिस्टनच फुटतो. "स्वल्प, स्वल्प," म्हणजे थोडं थोडं, अप्पा खुर्चीतून कानडीत म्हणायचे.

शनिवार गेला, रविवार गेला, पिस्टन तसूभर हलला नाही. मग रोज इलेक्ट्रॉनिक सिटीच्या ऑफिसातून आले की पर्स खांद्यावर तशीच ठेवून आधी फडकं उचलून बघायचं, असं सुरू झालं. तिकडे अप्पांना फाटकापासून खुर्चीपर्यंत येताना मध्ये थांबावं लागायला लागलं. भिंतीला हात टेकून ते उभे राहत आणि मी बघतेय असं दिसलं की भिंतीचा पोपडा खरवडत असल्यासारखं करत. थोरली बहीण, अक्का, सर्जापूर रोडच्या तिच्या घरून फोन करायची. "सुटलं का गं?" एवढंच. मी नाही म्हटलं की फोन ठेवायची. माझा पारा मुळातच चढलेला असतो. त्या दिवसांत तर रिक्षावाल्यापासून दूधवाल्यापर्यंत कुणी सुटलं नाही.

त्यात एक विचित्र गोष्ट दिसू लागली. रात्री स्वच्छ तेल ओतावं, तर दुसऱ्या दिवशी ते ताकासारखं पांढुरकं झालेलं. पुसून काढलं की खाली नवा, ताजा, लालसर गंज. पाणी येतंय कुठून? पाऊस नव्हता. मी वरच्या मजल्याच्या कुंड्या तपासल्या, नळ तपासला. कुठे थेंब नाही. मला भीती वाटायला लागली. मी देवभोळी नाही, पण हे घरच पिस्टन सुटू देत नाहीये, अप्पांना सोडत नाहीये, असं काहीतरी मनात यायचं आणि ते झटकलं तरी जायचं नाही.

एका रविवारी सकाळी फडकं उचललं, तर तेलावर तुळशीचं पान तरंगत होतं.

मी तशीच तेलकट हातांनी आत गेले. अप्पा देवापुढे बसले होते.

"अप्पा, तुम्ही इंजिनात तीर्थ घालता?"

"रोज तीन पळ्या. पूजा झाली की," ते शांतपणे म्हणाले. "देवाला साकडं घातलंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "जन्मभर फिटर होता तुम्ही! पाण्यानं लोखंड गंजतं हे मी तुम्हाला सांगायचं?"

त्यांनी पळी खाली ठेवली. ती पंचपात्राला लागून वाजली.

"मला माहीत आहे गं," ते म्हणाले. "माहीत आहे म्हणून तर." पुढे म्हणाले, "तुझ्या आईला मीच चालवत आस्पत्रेत नेलं होतं. ती परत आली नाही."

मी तिथेच फरशीवर बसले.

"आण तो ठोकळा," अप्पा उठत म्हणाले. "मी धरतो."

मी सिलिंडर कोरडा केला, ताजं तेल घातलं, बाहेरून तापवला. अप्पांनी खुर्ची जवळ ओढून ठोकळा दोन्ही हातांनी धरला. मी हातोडीचे ठोके देत होते आणि पिस्टनकडे न बघता त्यांच्या छातीकडे बघत होते. ती भरभर वरखाली होत होती. थांबू या म्हटलं, तर त्यांनी नुसती मान हलवली. पुन्हा ठोका. पुन्हा. आणि खालून कट्ट असा आवाज आला. ठोकळा बोटभर खाली गेला.

इतके दिवस मी याच आवाजाची वाट बघत होते. आता तो आला, तर मला तो यायला नको होता.

"सरी, ठीक," अप्पा म्हणाले. "सुटला."

"अजून रिंगा मोकळ्या करायच्यात," मी म्हणाले. "आतला गंज घासायचाय. आज रविवार, मोठे डॉक्टर नसतील. उद्या जाऊ. नाहीतर परवा. एवढी काय घाई आहे?"

अप्पांनी फडक्याला हात पुसले आणि माझ्याकडे बघितलं.

"आता तूसुद्धा तीर्थ घालायला लागलीस की," ते म्हणाले, आणि खुर्चीखाली पायानं चपला चाचपू लागले.