माझीच डाळ, शेठच्या हातून

९ फेब्रुवारी. सकाळी तूरडाळ निवडायला बसले होते. शेठच्या ट्रस्टचं अन्नछत्र दुपारी सुरू होणार होतं आणि पहिल्या दिवसाचं जेवण माझ्या भिशीतून जाणार होतं. भिशी म्हणजे लूमवरच्या, यंत्रमागावरच्या कामगारांची खाणावळ. भिवंडीत उतरलेला माणूस आधी भिशी शोधतो, मग खोली. जेवण पसंत पडलं तर रोजची ऑर्डर मला मिळणार होती.

पातेली टेम्पोत घालून मी आणि नवरा पोचलो. तिथे शेठच्या आयुष्यावर फिल्म काढत होते. शेठने आपल्या हाताने गरिबाला घास भरवायचा, असा सीन होता. पण कॅमेरा दिसताच रांगेतल्या माणसांनी तोंडं फिरवली. फुकट जेवतानाचा व्हिडिओ गावाला पोचलेला कोणाला चालतो? मॅनेजरने इकडेतिकडे पाहिलं. मी दिसले.

"मावशी, तुम्हीच बसा. पदर डोक्यावर घ्या. आणि ते घड्याळ काढा."

"मी जेवण घेऊन आलेय."

"म्हणून तर! तुम्ही घरच्याच."

ऑर्डर डोक्यात होती. घड्याळ काढलं. बसले.

भिशीत वाढणारी बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते. मी सगळ्यांच्या आधी पाटावर. शेठने माझ्याच डाळीत माझाच भात कालवला आणि घास पुढे केला. "तोंड उघड." उघडलं. कॅमेरावाला म्हणाला, पुन्हा. पुन्हा उघडलं. डाळ हनुवटीवर ओघळली. पुसायला गेले तर तो ओरडला, "पुसू नका, राहू द्या. छान दिसतंय."

मग शेठ कॅमेऱ्याकडे वळले. "हिच्या घरची चूल बंद पडली होती. हिला मीच उभी केली. काय गं, खरं ना?"

मी मान हलवली.

भिंतीपाशी माझ्या भिशीतली माणसं उभी होती. त्यातला एक म्हणाला, "अरे, मौसी को मौसी की ही दाल खिला दी!" सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची लाज अजून जात नाही.

खरं असं आहे. शेठचा पहिला कारखाना आमच्याच गल्लीत होता. माझा नवरा तरुणपणी तिथे लागला. लूमच्या खडखडाटात त्याचे कान गेले. पुढे शेठने लूम भंगारात काढले आणि गावाबाहेर दापोड्याला गोदामं बांधली. कामगारांना हे शिफ्ट संपताना कळलं. उद्यापासून येऊ नका, एवढंच. गोदामांवर शेठ मोठे झाले, मग शाळांना पंखे देऊन दानशूर झाले. आमची चूल बंद पडली होती, हे खरं. ती पेटवली मी, वळ गावातल्या माझ्या भावाकडून उसनी पातेली आणून.

संध्याकाळी भांडी घासताना नवरा समोर येऊन बसला. त्याला काही ऐकू गेलं नसेल, असं मी धरून चालले होते. पण लूमवर आयुष्य काढलेला माणूस ओठ वाचतो.

"तो बोलला, हिला मी उभी केली. तू मान कशाला हालवली?"

"ऑर्डरसाठी."

"मंग? मिलाली?"

बहिऱ्या माणसाला हळू बोलता येत नाही. अख्ख्या गल्लीने ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळ बांधून ट्रस्टच्या ऑफिसात गेले. शेठ चहा घेत होते. मॅनेजर हसून म्हणाला, "या मावशी, ऑर्डर तुमचीच."

मी शेठकडे पाहून म्हटलं, "फिल्ममधून मला काढा. तुम्ही मला उभी केली नाही. माझ्या नवऱ्याला तुम्ही शिफ्ट संपताना घालवलंत. भिशी मी उभी केली. काल मी मान हलवली, ते खोटं होतं."

"अगं, एवढ्या तेवढ्याने काय रागावतेस?" शेठ म्हणाले.

"मावशी, ऑर्डरचा विचार करा," मॅनेजर म्हणाला.

"केला. नको मला. दुसरी बाई बघा. पण तिला कॅमेऱ्यापुढे बसवलंत, तर मी तिच्या शेजारी उभी राहून हेच सांगेन."

मॅनेजर दार लावायला उठला. मी उंबऱ्यावरच उभी राहिले आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.