हेर विंकलर यांची सही

हेर विंकलर, म्हणजे माझे जुने घरमालक विंकलरसाहेब, गेल्याचं पत्र आलं तेव्हा मी चहा घेत होतो. तो शांतपणे संपवला आणि बायकोला, सुधाला, म्हटलं, "आणखी अर्धा कप दे." महिना उलटला, डोळ्यांत टिपूस नाही.

जर्मनीत कार्ल्सरूहेजवळच्या गावात त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान होतं. वरच्या खोलीत मी राहायचो, डॉक्टरेट करत होतो. माणूस एकोणिसाव्या शतकात जन्मलेला, ताठ कॉलरचा. सत्तरीला टेकल्यावर त्यांना आमदारकीचे डोहाळे लागले. प्रत्येक सभेत मला फेटा बांधून पहिल्या रांगेत बसवायचे, "हा आमच्या घरातलाच!" म्हणायचे. मीही मूर्ख, मिरवलो! मला हवा होता एक कागद: खोली दोघांना पुरेशी आहे, अशी घरमालकाची सही. त्याशिवाय सुधाला पुण्याहून येता येत नव्हतं, आणि तिला दिवस गेले होते. "निवडणूक होऊ दे, देतो," म्हणाले होते. भिडेपोटी मी पुन्हा विचारलं नाही. एवढा मोठा माणूस, शब्द दिलाय, देईलच की!

निवडून आले. मी कागद पुढे केला.

"आल्झो... तर असं आहे..." चष्मा पुसत म्हणाले, "आता मी आमदार. माझ्या घरात परदेशी कुटुंब म्हणजे... लोक काय म्हणतील?"

मीरा पुण्यात जन्मली. तिचं रांगणं, पहिलं पाऊल, सगळं मी पत्रांत वाचलं. इकडे यांची भाषणं गाजत होती, विषय 'कुटुंब'! वाटोळं होवो मेल्याचं, असं मी रोज दात घासताना म्हणायचो.

दीड वर्षानं आमच्या प्राध्यापकांनी दुसरीकडे दोन खोल्या मिळवून दिल्या आणि मायलेकी आल्या. स्टेशनवर बघतो तर विंकलर हजर, सोबत गावच्या वर्तमानपत्राचा फोटोग्राफर! मी हात पुढे केले. मीरानं मला कधी पाहिलंच नव्हतं, ती किंचाळली. त्यांनी खिशातून लिमलेटची गोळी काढली, तशी ती त्यांच्याकडे झेपावली, गळ्याला बिलगली. तेवढ्यात फोटो निघाला. पोर माझी आणि बातमी यांची! ढकलून द्यावं फलाटावरून, असं वाटलं... खरंच वाटलं. आणि मी काय केलं? हसून आभार मानले. त्याची भरपाई म्हणून आज हे छापायला देतोय.

परवा मीरानं स्टेशनवरच्या फोटोचं ते जुनं कात्रण पुठ्ठ्यावर चिकटवलं. विंकलरआजोबा गेले म्हणून रडून तिचे डोळे लाल झाले होते. फोटोत कडेला एका कोटाची बाही दिसते, ती माझी. मी मराठीत समजूत घालत होतो, ती नेहमीसारखी जर्मनमध्ये बोलत होती. फोटोवर बोट फिरवत तिनं विचारलं, "बाबा, तू आला नव्हतास आम्हाला घ्यायला?"