मलकापूरच्या जिनिंगमधली विमानं

लढाईच्या दिवसांत मी मलकापुरात सरकारी सिनेमे दाखवत होतो असं म्हटलं, की लोक आधी विचारतात, नट्या कोण होत्या? अहो, नट्या कुठल्या! आमच्या सिनेमात नुसती विमानं. पण तेवढ्यात इतके किस्से साठलेत, की एक सांगायला घेतला तर चार रांगेत उभे राहतात.

हवाई दलात मेकॅनिक व्हायला निघालेल्या वऱ्हाडी पोरांचा तो वर्ग. कापसाचा हंगाम संपलेल्या एका जिनिंगमध्ये, खिडक्यांना तरट ठोकून, मी भरदुपारी फिल्म लावायचो. फिल्म इंग्रजी, पोरं मराठी शाळेतली. गोऱ्या साहेबानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की शेवटच्या परीक्षेत एकही पास झाला नाही, तर वर्ग बंद.

*

फिल्म समजावून सांगायला पुण्याचे एक मास्तर आणले होते. ते म्हणाले, "विमान आता उड्डाण करीत आहे." वर्ग ढिम्म. मागून नांदुऱ्याचा नामदेव म्हणाला, "मास्तर, उडून राह्यलं म्हना ना!"

महिनाभरात मास्तर चहावाल्याला विचारायला लागले, चहा येऊन राह्यला का? सुट्टीत पुण्याला गेल्यावर घरी काय झालं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

*

एका फिल्ममध्ये विमानाच्या पंख्यासमोर उभं राहू नका अशी सूचना होती. मास्तरांनी ती सांगितली आणि पडद्यावरचा पंखा फिरायला लागला. पुढची अख्खी रांग उठून बाजूला झाली!

साहेब पोट धरून हसला. मास्तर मात्र तडकले. शिकवलं तेच केलं, यात हसण्यासारखं काय, असं त्यांनी तोंडावर विचारलं.

*

हुरूप वाढवणारी एक फिल्म होती. शेवटी वैमानिकाला पदक मिळायचं. टाळी एक नाही. पण मधे तेलकट हात पुसणारा एक मेकॅनिक क्षणभर दिसायचा, तो तुकडा पोरांनी मला तीनदा लावायला लावला.

साहेबानं कारण विचारलं. नामदेव म्हणाला, "सायब, तो वर उडला, तो याच्या हाताच्या भरोशावर."

खरं सांगतो, चौथ्यांदा तो तुकडा मी आपणहून लावला.

*

मग ती शेवटची परीक्षा. साहेबानं आपली टोपी लेन्ससमोर धरली. पडदा काळा, नुसता इंजिनाचा आवाज. बिघाड काय, ते सांगायचं.

कोणी प्लग म्हणालं, कोणी पेट्रोल. साहेब नाही नाही म्हणून मान हलवत राहिला. शेवटी उरला नामदेव. त्याचा बाप जिनिंगमध्ये फिटर, पोरगं मशीनच्या आवाजातच वाढलेलं. त्यानं डोळे मिटून ऐकलं.

"सायब, इमानाचं इंजिन चांगलं हाय. ह्या सिनेमाच्या मशीनचा पट्टा सरकून राह्यला."

मास्तरांनी ते इंग्रजीत सांगितलं. मी मशीन थांबवून हात घातला. पट्टा खरोखरच सैल!

साहेबानं हातातला उत्तराचा कागद पाहिला. त्यावर लिहिलं होतं, बिघाड नाही. त्यानं कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि मला म्हणाला, "तुम्ही बाजूला व्हा. मशीन त्याला उघडू द्या."