अर्धा रंगलेला शिंजीर

जास्वंदीवर आलेला शिंजीर अजून अर्धाच रंगला होता. विणीचा हंगाम जवळ आला की या इवल्याशा नराच्या अंगात हार्मोन्स जागी होतात, मळकट पिसं गळतात आणि चकाकती जांभळी येतात. त्यावरून मादी त्याला पसंत किंवा नापसंत करते. आपल्याकडे नटूनथटून पोहे आणण्याचं काम मुलीकडे असतं. पक्ष्यांत ते नराच्या गळ्यात पडलंय. हा तर अंगावर ठिगळं असतानाच दरबार भरल्यासारखा गात होता.

शेजारच्या गॅलरीत वामनराव मिशीला कलप लावत होते. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती आणि चार वाजता सुलभाताई त्यांना बघायला येणार होत्या.

"फार काळी झाली का हो?"

"एकाच बाजूला," मी म्हणालो. त्यांचा चेहरा पडला. दुसरी बाजू रंगवायला डबीत कलपच उरला नव्हता.

धीर म्हणून मलाही चहाला बसवलं होतं. सुलभाताईंनी त्या मिशीकडे शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "कुकर कोण लावतं?"

"मीच. तीन शिट्ट्या."

"तूरडाळीला चार लागतात," त्या म्हणाल्या. "रविवारी या, दाखवते."