भुलाबाईपुढे वाजवलेली चार फुलं

आमच्या वणीकडच्या गावात मिशनचा दवाखाना होता. तिथल्या गोऱ्या नर्सबाईंच्या घरी पियानो होता. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला ते कपाटच वाटलं. साठ-एकसष्ट साल असेल. माझ्या गुडघ्यावर गळू झालं होतं, त्याची पट्टी बदलायला मी जायची. एकदा बाई त्या कपाटापुढे बसून वाजवत होत्या. छोटे छोटे तुकडे, तव्यावरची भाकर उलटेपर्यंत संपणारे, आणि प्रत्येक तुकडा एकेका फुलावर रचलेला. त्यातला गुलाब तेवढा मला माहीत, बाकीची फुलं त्यांच्या देशातली. तरी ऐकताना ती डोळ्यापुढे दिसतात, असं मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. दिसलं काहीच नव्हतं. पण बोटं अशी शिवशिवायला लागली की विचारू नका. बाई म्हणाल्या, "ये, शिकवते."

म्हणून गळू बरं झालं तरी मी लंगडत जात राहिले. एक दिवस बाबांनी हटकलं.

"काव, काल त उजवा पाय लंगडत होता?"

मग खरं सांगावं लागलं.

"फुलं शिकायले बाईकडं कायले जा लागते? वावरात काय कमी हायेत?"

"बाबा, मी आपल्या पेटीवरही फुलं वाजवून दाखवीन." भजनी मंडळाची पेटी आमच्याच घरी असायची, आणि मी ती चोरून वाजवायची. हे चोरून वाजवणं सगळ्या आळीला ऐकू जायचं.

बाबा रागावले नाहीत. म्हणाले, "कोजागिरीले भुलाबाईपुढं वाजव. एका तरी बाईनं फूल ओळखलं, त जाय शिकायले. नाही त हा नाद सोड."

झालं! मी फुलं रचायला बसले. कापसाचं, बांधावरच्या पिवळ्या तरोट्याचं, पळसाचं आणि मोहाचं. मला चाल एकच यायची, आरतीची. त्यामुळे चारही फुलं आरतीसारखी उमलायची आणि पुढे आपापल्या वाटेनं वाट चुकायची.

कोजागिरीला आमच्या अंगणात भुलाबाईची मूर्ती मांडून बायकापोरींची गाणी झाली. मग खिरापत. आमच्याकडे खिरापतीचा डबा झाकून खुळखुळवतात, आणि आवाजावरून आत काय आहे ते ओळखायचं. ते संपताच मी पेटी पुढे ओढली आणि म्हणाले, "आता हेही ओळखा!" फुलं आहेत हे सांगितलं तर मजा काय राहिली? एवढी माझी अक्कल.

"गोड का तिखट?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

मी कापसाचं फूल वाजवलं. दोघीतिघी टाळ्या वाजवून आरती म्हणायला लागल्या. बाकीच्या ओरडल्या, "मुरमुरे!"

तरोट्याला "फुटाणे!" आले. पळस मी जीव तोडून वाजवला, तर काकू म्हणाल्या, "माय व! मिरचीचा ठेचा!"

ओसरीवर बाबा छपराकडे पाहत बसले होते. राहिला मोह. त्यात मी एक सूर वाजवायची, थांबायची, मग दुसरा. लोकांना वाटावं मुद्दाम, पण मधे काय वाजवायचं तेच सुचलं नव्हतं.

काकूंची म्हातारी सासू भिंतीला टेकून पेंगत होती. ती एकदम बोलली, "मोहफुलं! पहाटं अशीच पडतात, टप... टप."

"आजीले वासही आला वाटते!" एकजण म्हणाली, आणि सगळ्या खिदळल्या.

बाबा उठले. "पण आजी, तुमी त खिरापत समजून मोहफुलं सांगतली ना?"

"झाडावरून पडते तवा फूलच रायते ना रे बापा! खानं मंग." आजीनं त्यांना उडवून लावलं.

बाबा हरले, म्हणजे मी जिंकले. दुसऱ्या दिवशी न लंगडता बाईंकडे गेले, ऐटीत पियानोपुढे बसले, आणि उजव्या हातानं सूर धरताच डावा हात आपोआप भाता शोधायला लागला. पेटीची सवय! भाता मारल्याशिवाय आवाज निघतो, हे माझ्या डाव्या हाताला कधी पटलंच नाही. बाईंनी सांगून पाहिलं, तो हात धरूनही पाहिला. शेवटी त्या शेजारी स्टूल घेऊन बसल्या आणि डावी बाजू स्वतः वाजवायला लागल्या. त्यांच्या देशातली सगळी फुलं आम्ही अशीच दोघींनी मिळून वाजवली.

बाबा गावभर सांगायचे, "आमची पोरगी पियानो वाजवते." अर्धा, असं मी मनात म्हणायची. मोठ्यानं कशाला म्हणू?