व्हिएन्नाला दोनच रात्री

व्हिएन्नाच्या जागी कागद आता खोडून खोडून पातळ झाला आहे. युरोपच्या सहलीला दिवस सोळा आणि शहरं सहा. पॅरिसला चार दिले की रोमचा एक कमी होतो. तो परत द्यावा, तर प्राग रुसतं. तीन संध्याकाळी आम्ही नवरा-बायको जेवणाच्या टेबलाशी पेन्सिल घेऊन हेच करतो आहोत. निघण्याआधीच पाय दुखायला लागलेत.

"व्हिएन्नाला दोनच रात्री?" सुलभा म्हणाली. "मग बॅग उघडायचीच कशाला?"

माझा हात थांबला. हे तर माझ्या आईचं बोलणं. बाबा गेल्यावर आम्ही तिघा भावांनी असंच कॅलेंडर पुढ्यात घेऊन तिचं वर्ष वाटून घेतलं होतं. चार महिने नाशिकला, चार साताऱ्याला, चार इथे पुण्यात माझ्याकडे. सुलभाने तिच्यासाठी कपाटातला एक कप्पा रिकामा करून ठेवला होता. आई मात्र आपली लुगडी पलंगाखालच्या बॅगेतच ठेवायची. "राहू दे गं, परत भरायचीच आहे ना," म्हणायची. आम्ही तिला हट्टी ठरवून मोकळे झालो.

"प्राग काढून टाकू," मी म्हटलं. "व्हिएन्नाला चार रात्री राहू. कपडे कपाटात लावू."

सुलभाने खोडरबर माझ्याकडे सरकवलं. एवढंसं, झिजलेलं. आईचं वर्ष वाटताना तिच्या हातात खोडरबर आम्ही कधी दिलंच नव्हतं.